मॅच संपू दे, मग बोलू

रात्रीचे नऊ. पानं वाढून झालेली. आतल्या खोलीतून उत्तर येतं, ‘आलो, दोनच मिनिटं!’ ती दोन मिनिटं पंचवीस मिनिटांनी संपतात. तोवर आमटी निवते आणि आईचा पारा चढतो. मुलगा तोंडावर खोटं बोलला, असं घरच्यांना वाटतं. मुलाला वाटतं, इतकी घाई केली तरी बोलणी खाल्लीच. गेमवरून होणारी बरीचशी भांडणं इथूनच पेटतात.

ज्या घरांत खेळ हा फावल्या वेळेचा विषय उरलेला नाही, त्या घरांसाठी हा लेख आहे. रोज चार-पाच तास, सुट्टीत त्याच्या दुप्पट, मध्यरात्रीपर्यंत कानाला हेडफोन आणि तोंडात रँक, पुश, स्क्वॉड, स्क्रिम अशी भाषा. लिहिताना मी मुख्यतः बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, डोळ्यांसमोर ठेवला आहे. फ्री फायर मॅक्स किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल. लेखाचा काही भाग पालकांसाठी आहे, काही खुद्द खेळणाऱ्यासाठी. दोघांनी एकमेकांचा भाग चोरून वाचला तर उत्तमच.

आधी ‘दोन मिनिटां’चा उलगडा करू. जुन्या व्हिडिओ गेमला मध्येच थांबवायचं बटण असायचं. मारिओला अर्ध्या उडीत गोठवून खुशाल जेवून यावं. इथं तसं बटण नाही, कारण समोर जिवंत माणसं खेळत असतात. एरँगेल नावाच्या आठ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद नकाशावर १०० जण विमानातून उड्या टाकतात. खेळायची जागा वर्तुळासारखी आवळत जाते आणि शेवटी एकच चमू उरतो. शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास, कधी त्याहून थोडं जास्त लागतं. चौघांच्या स्क्वॉडमधल्या एकानं मध्येच फोन ठेवला, तर उरलेले तिघे पूर्ण ताकदीच्या चमूंसमोर उघडे पडतात. अर्ध्यातून पळणाऱ्याचे गुण गेमही कापतो. व्हॅलोरंटमध्ये अशा खेळाडूला काही काळ पुढचा सामनाच लावता येत नाही. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ असं आपण म्हणतो, तेव्हा भर षटकात यष्टिरक्षकाला जेवायला हाक मारत असतो. तो आला नाही तर आपल्याला राग येतो. आला, तर तीन मित्र त्याच्यावर चिडतात. या वयात कुणाचा राग जास्त बोचतो, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून वेळ मिनिटांत मोजू नका, मॅचमध्ये मोजा. नऊला जेवायचं असेल तर सव्वाआठनंतर एरँगेलची मॅच लावायची नाही, एवढाच नियम करा. नऊ वाजता फोन हिसकावण्यापेक्षा सव्वाआठला दारातून ‘आता नवी लावू नको’ म्हणणं शंभर पटींनी सोपं आहे. यासाठी पालकांना थोडा अभ्यास करावा लागेल. लिव्हिक हा छोटा नकाशा साधारण पंधरा मिनिटांत आटोपतो. चार विरुद्ध चार असा टीडीएमचा डाव दहा मिनिटांच्या आत संपतो. व्हॅलोरंटमध्ये आधी १३ फेऱ्या जिंकेल तो चमू विजयी, म्हणजे तीस-चाळीस मिनिटं, आणि अटीतटीची झाली तर आणखी. हे एकदा कळलं की ‘टीडीएम खेळतोय’ आणि ‘एरँगेलवर उतरलोय’ यांतला फरक तुम्हालाही कळेल, आणि मुलाला थाप मारायला जागा उरणार नाही.

एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून एक अख्खी मॅच पाहा. गप्प बसून. ‘हे काय नुसतं ठो ठो’ हे वाक्य ओठांवर आलं तरी गिळा. मॅच संपल्यावर दोन-तीन प्रश्न विचारा: स्क्वॉडमध्ये कोण कोण होतं, सूचना कोण देत होतं, शेवटी कुठं चुकलं. त्यातला कुणी शाळेतला आहे, कुणी मामेभाऊ आहे, कुणी नांदेडचा आहे पण प्रत्यक्ष कधी भेटलेला नाही, हे कळेल. हा नांदेडचा मित्र किती वर्षांचा, हेही सहज विचारून घ्यावं.

नेमकं काय धरून ठेवतं

खेळ चांगला असतो म्हणून माणूस खेळतो, हे खरंच. पण तो संपू नये याचीही पद्धतशीर रचना केलेली असते, आणि ती उघड्या डोळ्यांनी पाहिली तर तिचा जोर बराच ओसरतो. रोज हजेरी लावली की बक्षीस, रोजची छोटी कामगिरी, आठवड्याची मोठी कामगिरी. एक दिवस चुकला की साखळी तुटते. मग रॉयल पास: ठरावीक मुदतीत ठरावीक पायऱ्या चढल्या नाहीत, तर भरलेल्या पैशांचा माल हातून जातो. क्रेट म्हणजे बंद पेटी, आत काय निघेल याचा नेम नाही. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की हात पुन्हा पुन्हा तिकडे जातो, हे मानसशास्त्राला फार जुनं माहीत आहे. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात धरलं.

त्याहून चिवट गोष्ट म्हणजे रँक. ब्राँझपासून सुरू होऊन प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या आणि टोकाला कॉनकरर. कॉनकरर हे काही गाठून ठेवायचं स्थान नाही. वरच्या मोजक्या खेळाडूंनाच ते मिळतं आणि बाकीचे रात्रभर खेळत असतील तर सकाळी ते गेलेलं असतं. सीझन बदलला की सगळ्यांची रँक खाली उतरते आणि चढण नव्यानं सुरू होते. दर दोनेक महिन्यांनी येणारा हा फेरा कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे गेममध्येच लिहिलेलं असतं. ती तारीख घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. सीझनचे शेवटचे आठ-दहा दिवस पुशचे, म्हणजे रँक चढवायच्या धडपडीचे असतात आणि तेव्हाच घरात सर्वाधिक खटके उडतात. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, तेव्हा जानेवारीनंतरचा सीझन रँकविना काढायचा, हे नोव्हेंबरात ठरवता येतं. जानेवारीत ठरवू म्हणाल तर तोवर क्राउन आलेला असेल आणि एस खुणावत असेल.

पण सगळ्यांत मोठा चिकटा ना पेटीचा, ना रँकचा. तो माणसांचा. आपल्यावाचून तिघांचं अडतं, ही भावना सोळाव्या वर्षी दुसरीकडे कुठे सहजी मिळते? जानेवारी २०१४ मध्ये ईव्ह ऑनलाइन या अंतराळयुद्धाच्या खेळात एक लढाई जुंपली. जवळजवळ २१ तास चालली, साडेसात हजारांहून जास्त खेळाडू तीत उतरले. कारण काय, तर एका प्रदेशाच्या ताब्यासाठी खेळात भरायचं भाडं वेळेवर भरलं गेलं नव्हतं! हसू येतं खरं. पण ज्यांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती अशी माणसं आपापल्या गटासाठी जागली, आणि त्यांतली पुष्कळशी पोटापाण्याला लागलेली मोठी माणसं होती. तेव्हा तुमच्या घरातला गडी ‘माझी टीम वाट बघतेय’ म्हणतो, ते निमित्त समजू नका. टीमशीच बोलणं करून द्या. आठवड्यातले कोणते दिवस, किती वाजता, किती मॅच, हे चौघांनी मिळून ठरवलं की एकट्यावर ‘तूच नेहमी लवकर पळतोस’ हा ठपका येत नाही. चौघांपैकी दोघांच्या आया एकमेकींना ओळखत असतील तर काम निम्मं झालंच.

वेड कुठं संपतं आणि आजार कुठं सुरू होतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेमिंग डिसऑर्डरची स्वतंत्र नोंद आहे. तिथं तासांचा आकडा कुठंही दिलेला नाही. पाहायच्या गोष्टी तीन: खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या आवडींच्या आणि कामांच्या पुढं खेळ जाऊन बसणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळ तसाच चालू राहणं किंवा वाढणं. याचा फटका शिक्षण, नोकरी, घर, मैत्री यांपैकी कशाला तरी ठळकपणे बसलेला असावा आणि हा प्रकार साधारणपणे बारा महिने चाललेला असावा. लक्षणं तीव्र असली तर तेवढं थांबायची गरज नसते.

माझं मत विचाराल, तर आपल्या घरांत ‘व्यसन’ हा शिक्का फार लवकर मारला जातो आणि डॉक्टरांकडे फार उशिरा गेलं जातं. मेच्या सुट्टीत रोज सात तास खेळणारा, पण जूनमध्ये कॉलेज लागताच दोन तासांवर येणारा मुलगा आजारी नाही; त्याला खेळ आवडतो एवढंच. उलट रोज तीनच तास खेळणारी एखादी मुलगी क्लासला जाते असं सांगून मैत्रिणीकडे बसून खेळत असेल, आवडतं चित्र काढणं सोडून दिलेलं असेल आणि नेट गेलं की थरथरत असेल, तर तिच्याकडे आधी पाहायला हवं. तास मोजण्यापेक्षा काय काय सुटलं याची यादी करा. झोप, अंघोळ, सकाळचं पहिलं लेक्चर, गल्लीतलं क्रिकेट, गेममध्ये नसलेले मित्र, खरं बोलणं. यांतलं एखादं सुटलं तर बोलून भागतं. तीन-चार सुटली असतील तर नुसत्या बोलण्यानं भागायचं नाही.

आणखी एक तपासा, हे सुरू कधी झालं? पुष्कळदा एखादी तारीख सापडते. नीटचा किंवा सीईटीचा निकाल, शाळा बदलणं, वर्गात कुणी छळणं, घरातलं कुणी जाणं, गाव सोडून पुण्यात कॉट बेसिसवर येणं. खेळात जिथं रोज काहीतरी जमतं, तिथं जाऊन माणूस बसला, कारण बाहेर काहीच जमत नव्हतं. अशा वेळी खेळ तेवढा काढून घेतला तर मूळ दुखणं उघडं पडतं आणि त्याला झाकायलाही काही उरत नाही. आधी त्या तारखेबद्दल बोला. नोकरी करणाऱ्या, लग्न झालेल्या गड्यांनाही हे लागू आहे. ऑफिसातल्या अपमानाचा हिशेब रात्री एकला रँक मॅचमध्ये चुकता करणारे कमी नाहीत.

हा भाग खेळणाऱ्यानं वाचावा

तुला खेळ सोडायला सांगत नाही. पण तू ज्याला मेहनत म्हणतोस, तिच्यातली बरीचशी मेहनत नसतेच. रात्री अकरा ते तीन लागोपाठ रँडम लोकांबरोबर मॅच लावत बसणं म्हणजे सराव नव्हे, ते नुसतं रांगेत उभं राहणं आहे. जे चमू स्पर्धांत उतरतात ते ठरलेल्या वेळी ठरलेल्या चमूंशी स्क्रिम, म्हणजे सराव सामने, खेळतात आणि नंतर रेकॉर्डिंग लावून बसतात: इथं रोटेशन उशिरा का झालं, इथं दोघं एकाच खिडकीत का होते, सूचना देणाऱ्या आयजीएलनं ‘थांबा’ म्हटल्यावर कुणी रश केला. तुला खरंच वर जायचं असेल तर मॅचची संख्या कमी कर. चार मॅच आणि त्यांतल्या दोन पुन्हा पाहणं, हे बारा मॅचपेक्षा जास्त शिकवतं. आणि एक नियम भिंतीवर लाव: सलग दोन मॅच सुरुवातीलाच बाद झालो तर त्या दिवशी रँक बंद. चिडलेल्या डोक्यानं ‘एक जिंकतो आणि झोपतो’ म्हणून लावलेली मॅच क्वचितच शेवटची ठरते.

झोपेबद्दल तुला कुणीतरी आधीच पिडलेलं असणार, म्हणून मोजकंच सांगतो. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. कमी झोपलास तर पहिला फटका बसतो तो प्रतिक्रियेच्या वेगाला, म्हणजे ज्याच्या जिवावर तू जिंकतोस त्यालाच. शेवटच्या झोनमधून बाहेर आल्यावर छाती धडधडत असते, त्या अवस्थेत डोळा लागत नाही. म्हणून शेवटची मॅच आणि अंथरूण यांत निदान पाऊण-एक तास दुसरं काहीतरी असू दे. एनर्जी ड्रिंकच्या डब्यात कॅफीन असतं आणि रात्री दहाला प्यायलेलं कॅफीन एकलाही अंगात असतं.

आता हात. तू बहुधा क्लॉ धरून, चार बोटांनी खेळतोस. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखतं का? अंगठा मुठीत दुमडून मनगट करंगळीच्या बाजूला झुकव. तिथं झटकन कळ आली, तर अंगठ्याच्या स्नायुबंधाभोवतालचं आवरण सुजलेलं असू शकतं. डॉक्टर त्याला डी क्वेरव्हेन म्हणतात. मलम चोळून खेळत राहू नकोस. ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखव आणि ते सांगतील तितके दिवस हाताला विश्रांती दे. सुरुवातीला लक्ष दिलं तर हे लवकर आटोक्यात येतं, दुर्लक्ष केलं तर रेंगाळतं. पलंगावर उताणं पडून, फोन तोंडावर धरून खेळणं बंद कर. कोपरं टेबलावर टेकव, स्क्रीन डोळ्यांच्या थोडी खाली ठेव. मान वाकवून चार तास बसलास तर पंचविशीत पट्टा लागेल असं मी म्हणणार नाही, पण मान दुखेल, आणि दुखणाऱ्या मानेनं एम कुणाचा लागतो?

कानाचं कुणी सांगत नाही. फूटस्टेप ऐकू यावेत म्हणून तुम्ही सगळे आवाज टोकाला नेता आणि मग तिथंच ग्रेनेड फुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, लहान मुलांना ७५. आवाज तीन डेसिबलनं वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. कानात शिट्टी वाजू लागली, तर ती धोक्याची खूण आहे. डोळ्यांसाठी सोपं आहे: दर २० मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहा. मॅचच्या मध्ये जमणार नाही, हे मलाही कळतं. बाद झाल्यावर टीममेटचा खेळ बघत बसतोस तेव्हा खिडकीबाहेर बघ. आणि लॉबीत आलास की उठून उभा राहा, पाणी पी, पाय मोकळे कर. तासन्‌तास पाय दुमडून बसल्यानं पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तरुणांत हे क्वचित होतं, पण एका पोटरीला सूज आणि वेदना असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

करिअर म्हणून?

हा प्रश्न घरात कधी ना कधी येतोच. उडवून लावू नका, कारण आता तो पूर्वीइतका हास्यास्पद राहिलेला नाही. जकार्तात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌सचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा तीर्थ मेहतानं हर्थस्टोनमध्ये भारतासाठी कांस्य मिळवलं. पुढच्या, २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या स्पर्धेत ई-स्पोर्ट्‌सना रीतसर पदकं होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्‌स क्रीडा खात्याकडे सोपवले. बीजीएमआयच्या २०२१ च्या देशव्यापी मालिकेत एकूण १ कोटीची बक्षिसं होती, २०२३ मध्ये ती २ कोटींवर गेली.

आता दुसरी बाजू. बीजीएमआय काढणाऱ्या क्राफ्टॉन कंपनीनंच जुलै २०२२ मध्ये १० कोटी नोंदणीकृत खेळाडू झाल्याचं जाहीर केलं होतं. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत १६ चमू असतात. राखीव सोडले तर ६४ खेळाडू. हे गणित मुलालाच करू द्या, तुम्ही करून दाखवू नका. शिवाय मैदान दुसऱ्याच्या मालकीचं आहे. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २८ जुलै २०२२ ला तोही ॲप स्टोअरमधून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या दहा महिन्यांत ज्यांचं सगळंच या एका खेळावर होतं, त्यांचं काय झालं असेल? फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरचंही असंच झालं. क्रिकेट असं एका संध्याकाळी बंद होत नाही.

तेव्हा ‘एक वर्ष देतो’ म्हणायचं असेल तर पूर्ण हिशेबानं म्हणा. कॉलेजची हजेरी चालू. वर्षाअखेर खुल्या पात्रता स्पर्धेत अमुक फेरी गाठली तर पुढचं वर्ष, नाहीतर खेळ छंदाच्या जागी. फेरी कोणती, ते आधी कागदावर. कुणी ‘संघटना’ चमूत घेण्यासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागत असेल तर दारातूनच परत फिरा. अठरा वर्षांखालच्याचा करार कायद्यानं टिकत नाही, म्हणून सही पालकांची घेतली जाते. ती करण्यापूर्वी बक्षिसातला वाटा, करार सोडायच्या अटी आणि यूट्यूब चॅनलची मालकी, ही तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्या.

पैशांचं

इथं लवकर आटोपतो, कारण उपाय कोरडे आहेत आणि ते एका दुपारी होतात. मुलाच्या हातातल्या फोनवर कार्ड साठवलेलं नको, आईच्या यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक नको, आणि गूगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय चालू हवी. महिन्याला यूसीसाठी, म्हणजे गेममधल्या चलनासाठी, ठरावीक रक्कम द्यायचीच असेल तर गिफ्ट कार्डानं द्या. संपली की संपली. ‘फ्री यूसी’च्या लिंका, आयडी विकत घेणं-विकणं, रँक चढवून देणारे भाडोत्री, यांत खातं आणि पैसे दोन्ही जातात. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्यानं बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्‌सना वेगळं काढलं. याचा घरगुती अर्थ असा, की प्रत्येकी पन्नास-शंभर गोळा करून ‘जिंकेल त्याला सगळे’ अशा कस्टम रूममध्ये पोरानं जाऊ नये. अशा रूम भरवणारा टेलिग्रामवरचा अ‍ॅडमिन पोराचा मोठा भाऊ शोभेल असं बोलत असला तरीही.

घरातला तह

तासांचे कायदे वरून लादून फारसं साधत नाही, असं दिसतं. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा खेळबंदी केली आणि २०२२ पासून ती मागे घेतली. चीननं २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना फक्त शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली आहे. बीजीएमआय परतला तो लहानांना दिवसाला तीन तास आणि मोठ्यांना सहा तास अशी मर्यादा घेऊनच. पण खातं काकाच्या नावानं उघडलं की तिनाचे सहा झाले! फोनमधल्या फॅमिली लिंकसारख्या सोयी दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी जरूर वापरा. सतरा वर्षांच्याला त्यातून वाट काढायला एक संध्याकाळ पुरते.

तहाचा पहिला मसुदा मुलानं लिहावा. तुम्ही फक्त दुरुस्त्या सुचवा. कॉलेजच्या दिवशी किती मॅच, सुट्टीला किती, शेवटची मॅच कधीपर्यंत लावायची, परीक्षेआधी रँक कधी बंद करायची. रात्री सगळे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावायचे, बाबांचाही. रात्री बारापर्यंत रील बघणाऱ्या बापाचं या विषयात घरात कुणी ऐकत नाही. मोडला तह तर दुसऱ्या दिवशीच्या दोन मॅच कमी, इतकी साधी शिक्षा. फोन भिंतीवर आपटणं किंवा भर मॅचमध्ये राउटर उपटणं, हे करू नका. त्यानं तुमचा राग तेवढा दिसतो, मॅच तर तो मित्राच्या हॉटस्पॉटवर पुरी करतो. पालकांची कलमंही लिहा: आग लागली किंवा कुणी पडलं तरच मॅचमध्ये हाक, आणि पाहुण्यांसमोर ‘आमचा दिवसभर मोबाइललाच चिकटलेला’ हे वाक्य कायमचं बंद. तहाची मुदत एका सीझनइतकी ठेवा, म्हणजे दर दोन महिन्यांनी नव्यानं बसावं लागेल.

सगळं करूनही काही घरांत जमत नाही. मुलगा खोलीबाहेर येत नाही, शाळा सुटली आहे, फोन घेतला की अंगावर धावून येतो किंवा ‘जिवाचं बरंवाईट करीन’ म्हणतो. ही धमकी आहे की खरं, याची परीक्षा घरात घेऊ नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मागा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून खास तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी शट क्लिनिक चालतं. आपल्या डॉक्टरांना वाटलं तर ते तिकडचा सल्ला घ्यायला सांगतील. उपचार म्हणजे बहुतेक वेळा बोलण्यातून केलेली वर्तनोपचार पद्धत, झोपेची घडी बसवणं, सोबत नैराश्य किंवा चिंता असेल तर तिच्यावर औषध, आणि घरच्यांचंही समुपदेशन. ‘महिनाभर कोंडून ठेवतो, सुधारून देतो’ म्हणणाऱ्यांच्या जाहिरातींना भुलू नका.

पहिल्या भेटीला जाताना फोनमधली डिजिटल वेलबीइंगची पानं उघडून दोन-तीन आठवड्यांचे आकडे लिहून न्या. गेममध्येही मागच्या मॅचची नोंद वेळेसह असते. तुमचा अंदाज आणि मुलाचा अंदाज, दोन्ही या आकड्यांपुढं चुकीचे निघण्याचा संभव आहे, आणि त्यावरून दवाखान्यातच वाद घालायचा नाही. डॉक्टर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलू म्हणाले, तर बाहेर बाकावर बसा आणि बाहेर आल्यावर आत काय बोलणं झालं हे त्याला विचारू नका.